याओवारातला आडवे चाला : बँकॉकच्या चिनी वस्तीत आई-वडिलांसह एक सकाळ

नमस्कार. आपला प्रश्न मला समजला तो असा. बँकॉकमध्ये आपला चार दिवस मुक्काम आहे, सोबत सत्तरीच्या घरातले आई-वडील आहेत, वडिलांचे गुडघे दुखतात आणि घरात कोणीही मांस-मासे खात नाही. तिथल्या चिनी वस्तीचे जेवढे व्हिडिओ आपण पाहिले त्यांत रात्रीच्या खाऊगाड्यांशिवाय काहीच दिसले नाही, तेव्हा आपल्यासारख्या कुटुंबाने तिकडे जावे की नाही आणि गेल्यास काय पाहावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी बँकॉकमध्येच राहतो आणि मराठी पाहुण्यांचे छोटे गट या भागातून पायी फिरवतो, त्यामुळे हा प्रश्न थोड्याफार फरकाने माझ्याकडे नेहमीच येतो.

जरूर जावे, पण सकाळी जावे आणि याओवारात रस्त्याला लांबीने न चालता आडवे चालावे, असे माझे मत आहे. आपली खरी अडचण शाकाहाराची किंवा गुडघ्यांची नसून, ही संपूर्ण वस्ती म्हणजे एक रस्ता आणि तोही रात्रीचा, असे चित्र आपल्यापर्यंत पोहोचले आहे, ही आहे. वास्तविक सुमारे दीड किलोमीटर लांबीचा याओवारात रस्ता या वस्तीच्या मानाने बराच नवा आहे. चाओ फ्राया नदीकडून आत येऊ लागले की साधारण समांतर अशा चार वाटा एकामागून एक लागतात : सोंग वात, साम्पेंग, याओवारात आणि चारोएन क्रुंग. चारही वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या कारणांनी तयार झाल्या आहेत. याओवारातवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालणाऱ्याला सोन्याची दुकाने आणि हॉटेलांच्या पाट्या यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. नदीकडून आत येणाऱ्याला मात्र सव्वादोनशेहून अधिक वर्षांचा काळ ओळीने भेटतो, आणि हे अंतर सरळ मोजले तर एक किलोमीटरही भरत नाही. वडिलांच्या गुडघ्यांना एवढे चालणे, मध्ये दोन ठिकाणी बसून, बहुधा झेपेल.

‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. एप्रिलमध्ये येत असाल तर सकाळी दहानंतर उन्हात चालणे ज्येष्ठांना नकोसे होते. मे ते ऑक्टोबर हा पावसाचा काळ असून गल्ल्यांतली फरशी निसरडी होते. आई-वडिलांपैकी कोणाला दमा असेल तर देवळांतला उदबत्त्यांचा धूर सोसतो का, याचा आधी विचार करावा. रविवारी घाऊक दुकानांपैकी बरीच बंद असतात, तर सोमवारी रस्त्यावरच्या खाऊगाड्यांची सुट्टी असते. सोमवारी गाड्या नसणे ही बहुतेकांना अडचण वाटते. आपल्याला ती सोय ठरेल, कारण पदपथ मोकळे मिळतात.

सुरुवात होडीने करावी. सापान ताक्सिन या रेल्वे स्थानकाखाली साथोर्न धक्का आहे; तिथून नारिंगी झेंड्याची प्रवासी बोट नदीच्या वरच्या अंगाला जाते आणि राचावोंग धक्क्यावर थांबते. बोट धक्क्याला फार वेळ थांबत नाही, म्हणून वडिलांना आधीच दाराजवळ उभे करावे. मेट्रोने थेट वस्तीच्या मधोमध उतरता येत असताना मी बोटीचा आग्रह धरतो, कारण ही वस्ती नदीवर उभी राहिली आणि माल व माणसे दोन्ही नदीनेच आली. धक्क्यावर उतरल्यावर पहिली वाट लागते ती सोंग वातची. १९०६ मध्ये इथे मोठी आग लागली आणि तिच्यानंतर पाचवे राम (थायलंडच्या राजांना क्रमाने पहिले राम, दुसरे राम असे म्हणतात) म्हणजे राजे चुलालोंगकोर्न यांनी नकाशावर स्वतः रेघ ओढून हा रस्ता आखला, असे सांगतात. धान्य, मसाले आणि शेतमालाच्या पेढ्यांचा हा रस्ता अलीकडे कॉफीच्या दुकानांसाठी प्रसिद्ध झाला आहे. तरी एखाद्या वखारीच्या दारातून वाळल्या मिरचीचा ठसका अजून येतो. बारीक नक्षीची दुकानघरे पाहत शंभर-दोनशे पावले जाऊन परत फिरावे. या रस्त्यासाठी तेवढे पुरे आहे.

राचावोंग रस्त्याने वर येताना उजवीकडे एक अरुंद गल्ली फुटते, ती साम्पेंग. नकाशावर तिचे नाव सोई वानित १ असे असते. संपूर्ण वस्तीचे मूळ इथे आहे, म्हणून हिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. १७८२ मध्ये पहिल्या रामाने राजधानी नदीच्या पश्चिम काठावरील थोनबुरीहून पूर्व काठावर आणली. ज्या जागी राजवाडा बांधायचा ठरले, तिथे चिनी व्यापाऱ्यांची वस्ती आधीच होती. त्यांना तिथून उठवून नव्या तटाबाहेर, दोन जुन्या बौद्ध मठांच्या मधल्या दलदलीच्या पट्ट्यात जागा दिली गेली. या लोकांत तेओच्यू ही दक्षिण चीनच्या किनारी भागातली बोली बोलणारे बहुसंख्य होते, कारण आधीचे राजे ताक्सिन यांचे वडील तेओच्यू होते आणि त्यांच्या काळात त्या भागातून मोठ्या संख्येने माणसे आली होती. म्हणजे ज्या गल्लीत आज आपण केसांच्या पिना आणि खेळणी डझनाच्या भावाने घेतो, ती मुळात विस्थापितांची पायवाट आहे.

आजची साम्पेंग अंगावर येते, हे खरे. मुंबईकरांना मी भुलेश्वरची आठवण ठेवून आत शिरायला सांगतो. गल्लीची रुंदी दोन माणसे शेजारी चालतील इतकीच, आणि त्यातूनच हमालांच्या ढकलगाड्या आणि दुचाक्या जातात. मागून आरोळी आली की बाजूच्या दुकानात सरळ पाऊल टाकावे, दुकानदार रागावत नाहीत. सकाळी नऊच्या आधी पोहोचलात तर ही गर्दी निम्मी असते. मांगकोन रस्त्याच्या कोपऱ्यावर एक उंच जुनी इमारत दिसेल. ती तांग तो कांग ही सोन्याची पेढी असून या भागातील सर्वांत जुन्या पेढ्यांपैकी एक आहे; सहाव्या रामाने १९२१ मध्ये तिला राजचिन्ह म्हणून गरुड लावण्याचा मान दिला, आणि तो गरुड दर्शनी भागावर आजही आहे.

इथे थोडे थांबून आई-वडिलांना एक गोष्ट जरूर सांगावी, कारण ती माहीत नसेल तर ही गल्ली केवळ बाजार वाटते. एकोणिसाव्या शतकात सयाममधल्या (म्हणजे तेव्हाच्या थायलंडमधल्या) चिनी पुरुषांकडून दर तीन वर्षांनी डोईपट्टी घेतली जाई, आणि कर भरल्याची खूण म्हणून मनगटाला दोरा बांधून त्यावर लाखेची मोहोर उठवत. पुढे ही पद्धत बदलून इतरांप्रमाणे दरवर्षी कर लावला गेला, तेव्हा जून १९१० मध्ये चिनी दुकानदारांनी तीन दिवस दुकाने बंद ठेवली आणि शहर अडले. त्या बंदनंतर सरकारदरबारी चिन्यांविषयीचा संशय वाढत गेला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस चिनी शाळांवर कडक बंधने आली. दुसरे महायुद्ध संपताच, सप्टेंबर १९४५ मध्ये, याओवारातवर चिनी रहिवासी आणि थाई पोलीस-सैनिक यांच्यात गोळीबारापर्यंत मजल गेली. त्यानंतर ३ जून १९४६ रोजी तरुण राजे आनंद महिदोल आपले धाकटे बंधू भूमिबोल यांच्यासह साम्पेंगच्या गल्लीतून पायी हिंडले. सहा दिवसांनी आनंद महिदोल यांचा मृत्यू झाला आणि भूमिबोल राजे झाले. अनेक जुन्या दुकानांत या भेटीचा कृष्णधवल फोटो लावलेला दिसतो. तो ओळखता आला तर दुकानदार वस्तूचा भाव बाजूला ठेवून बोलू लागतात, हा माझा अनुभव आहे.

साम्पेंगमधून थोडे पुढे गेल्यावर डावीकडे इत्सारानुफाप नावाची गल्ली लागते. ही गल्ली म्हणजे आडव्या चालीचा कणा आहे, कारण ती साम्पेंगपासून निघून याओवारात ओलांडते आणि थेट चारोएन क्रुंगवर मोठ्या देवळासमोर बाहेर पडते. तिच्या पहिल्या भागात तलात काओ म्हणजे जुना बाजार आहे. तो पहाटे भरतो आणि दुपारपर्यंत आवरतो. पुढच्या भागात नवा बाजार आहे. सुके मशरूम, कमळाचे बी, चहा, सुकी लिची अशा वस्तूंबरोबर इथे सुकी मासळी, लटकवलेली बदके आणि डुकराचे मांस उघड्यावर असते. शाकाहारी पाहुण्यांना मी हे आधीच स्पष्ट सांगतो. वास आणि दृश्य सोसणार नसेल तर शेजारच्या मांगकोन रस्त्याने वर जावे. तो रुंद आहे आणि त्याच देवळाच्या जवळ पोहोचतो. जे बाजारातूनच जातील त्यांनी नव्या बाजाराच्या बाजूच्या बोळात लपलेले लेंग बुआय इया हे छोटे देऊळ चुकवू नये. ते थायलंडमधले सर्वांत जुने चिनी देऊळ मानले जाते आणि आतल्या फलकावर १६५८ शी जुळणारे चिनी वर्ष आहे. तसे असेल तर हे देऊळ बँकॉक राजधानी होण्याच्याही आधीचे ठरते. आत बसायला बाक आहेत, सावली आहे आणि गर्दी जवळजवळ नसते.

याओवारात रस्ता आपण असा मध्येच ओलांडाल. १८९० च्या दशकात तो बांधताना जमीनमालकांशी वाद होत राहिले, कामाला सुमारे आठ वर्षे लागली आणि रस्ता घरे चुकवत वळत गेला. आज त्या वळणांना ड्रॅगनचे अंग म्हणून पर्यटकांना सांगितले जाते. नाव युवराजांच्या सन्मानार्थ दिलेले आहे. दोन्ही बाजूंच्या लाल-सोनेरी पेढ्यांत आईंना बहुधा रस वाटेल, म्हणून एवढे सांगतो की इथले प्रमाण सोने ९६.५ टक्के शुद्धतेचे असते, म्हणजे आपल्या २२ कॅरेटच्या ९१.६ टक्क्यांपेक्षा अधिक, आणि ते ‘बात’ या वजनात विकले जाते. दागिन्यांचा एक बात म्हणजे १५.१६ ग्रॅम. चलनाचेही नाव बातच असल्याने पाटी वाचताना गोंधळ होतो. सोन्याचा भाव सर्व दुकानांत सारखाच असतो, फरक पडतो तो मजुरीत. खरेदीचा विचार असेल तर भारतात सोने आणण्याचे सीमाशुल्काचे चालू नियम निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत. शार्कच्या पंखांच्या सूपच्या पाट्याही याच रस्त्यावर दिसतील. आपल्याला तो प्रश्न नाही, पण मांसाहारी मित्रांनाही मी ते मागवू देत नाही.

चौथी वाट चारोएन क्रुंग. बँकॉकच्या युरोपीय वकिलातींनी घोडागाडीतून फिरायला धड रस्ता नाही, अशी तक्रार चौथ्या रामाकडे केली आणि १८६४ मध्ये हा रस्ता पूर्ण झाला. १८८८ मध्ये त्यावर घोड्यांची ट्रामही धावू लागली. इथेच वात मंगकोन कमलावात आहे; ‘वात’ म्हणजे मठ किंवा देऊळ. तेओच्यू लोक त्याला लेंग नोई यी म्हणतात. १८७१ मध्ये स्थापन झालेले हे महायान देऊळ थाई देवळांहून अगदी वेगळे आहे. पहिल्या दालनात चार दिशांचे चार लोकपाल उभे आहेत आणि त्यांतला वैश्रवण म्हणजे कुबेराचे बौद्ध रूप. मुख्य दालनात तीन बुद्ध, आणि आजूबाजूला ताओपंथी देवता, वैद्यांचा देव, धनाचा देव. ज्यांच्या जन्मवर्षाचे प्राणिचिन्ह चालू वर्षाशी पटत नाही, अशी माणसे इथे शांतीसाठी येतात. आपल्याकडच्या ग्रहशांतीशी परिचित असलेल्या ज्येष्ठांना हे समजावून सांगावे लागत नाही. उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडावा, पूजा करणाऱ्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये. चिनी नववर्षाच्या आठवड्यात मात्र ज्येष्ठांना घेऊन इथे येऊच नये.

देवळाजवळच्या गल्ल्यांत चारोएन चाय नावाची छोटी वस्ती आहे, जिथे पितरांसाठी जाळायचे कागदी कपडे, घरे, नोटा आणि लग्नकार्याचे सामान मिळते. जवळच वात मंगकोन हे भुयारी मेट्रोचे स्थानक आहे. ते २०१९ मध्ये सुरू झाले, तिथे उद्वाहक, वातानुकूलन आणि स्वच्छतागृह आहे. वडील थकले असतील तर सकाळ इथे संपवता येते, आणि मी बहुतेक कुटुंबांना तसेच सुचवतो.

आता जेवण. पिवळ्या पताकेवर लाल रंगात इंग्रजी १७ आकड्यासारखे दिसणारे थाई अक्षर असेल, तर ते ‘जे’ जेवणाचे दुकान समजावे. जे म्हणजे चिनी बौद्ध परंपरेतला कडक शाकाहार : मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. जैन पाहुण्यांना मी विश्वासाने तिथेच नेतो. चिनी चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सगळी वस्ती जे पाळते; आपला प्रवास त्या काळात असेल तर माझा ‘सकाळीच जा’ हा सल्ला बाजूला ठेवून संध्याकाळीही जावे. इतर दिवशी अशी दुकाने देवळाच्या आसपास शोधावी लागतात. साध्या दुकानात ‘भाजी’ मागितली तर ती मासळीच्या रसात किंवा कालवांच्या सॉसमध्ये परतलेली येते, आणि आचाऱ्याच्या मते ती भाजीच असते. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, ‘किन जे’ असे म्हणावे. गाड्यांवरची भाजलेली चेस्टनट, डाळिंबाचा आणि संत्र्याचा रस, आल्याच्या गोड पाण्यातला मऊ टोफू एवढे निर्धास्तपणे घ्यावे.

आणि आई-वडिलांना पोळीच हवी झाली, तर साम्पेंगच्या पश्चिम टोकाला ओंग आंग कालवा ओलांडला की फाहुरात लागते. कापडाच्या व्यापाराने इथे आलेल्या शीख आणि पंजाबी कुटुंबांची ही पेठ असून सोनेरी घुमटाच्या गुरुद्वारात सकाळच्या वेळी लंगर असतो. डोके झाकून, चपला काढून जावे आणि बसून जेवावे. गुडघ्यांचे कारण सांगितले तर वडिलांसाठी खुर्चीची सोय होते. वाटेत वात चक्रवात या मठात मगरींचे कुंड आहे. देवळात मगरी कशाला, असे प्रत्येक जण विचारतो, आणि मुले सोबत असतील तर सगळ्या सकाळीतले तेवढेच त्यांच्या लक्षात राहते.

पूर्वेकडच्या टोकाला दोन ठिकाणे आहेत, ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवावीत. वात त्रैमितमध्ये सुखोथाई या जुन्या थाई राज्याच्या काळातली साडेपाच टन वजनाची सोन्याची बुद्धमूर्ती आहे. ती चुन्याच्या लेपाखाली झाकलेली होती आणि १९५५ मध्ये हलवताना लेप फुटला तेव्हा सोने दिसले. त्याच इमारतीत चिनी वस्तीच्या इतिहासाचे चांगले संग्रहालय आहे, जे सोमवारी बंद असते. पायऱ्या बऱ्याच आहेत, हे वडिलांसाठी लक्षात ठेवावे. तिथून जवळच थियान फाह हे धर्मादाय रुग्णालय आहे. तेओच्यू, हक्का, हैनानी, कँटनी आणि होक्कियन या पाच भाषांच्या मंडळींनी एकत्र येऊन १९०३ मध्ये ते उभारले आणि इथे गरिबांवर मोफत उपचार होतात. अंगणातल्या देवळात ग्वानयिनची लाकडी मूर्ती आहे. मराठी माणसाने ती जरूर पाहावी, कारण ग्वानयिन म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, आणि औरंगाबादच्या सातव्या लेणीत आठ भयांतून प्रवाशांना वाचवणारा जो अवलोकितेश्वर कोरलेला आहे, त्याचेच हे चीनमार्गे स्त्रीरूपात आलेले दर्शन आहे. समुद्र ओलांडून आलेल्या व्यापाऱ्यांनी रुग्णालयात तीच देवता का बसवली असेल, हे त्या लेणीसमोर उभे राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

नदीकाठच्या तलात नोई या जुन्या मोहल्ल्याबद्दल माझे मत थोडे राखून आहे. होक्कियन पद्धतीचा, चौक असलेला सो हेंग ताई हा जुना वाडा, जुन्या इंजिनांच्या सुट्या भागांचे तेलकट ढीग आणि पोर्तुगीज परंपरेचे रोझरी चर्च हे सगळे पाहण्याजोगे आहे. पण तरुण पर्यटक तिथे गंजलेल्या मोटारीसमोर फोटो काढायला रांग लावतात आणि लोकांच्या दारात ठाण मांडतात, हे मला रुचत नाही. जायचेच असल्यास कामाच्या दिवशी, कारखाने चालू असताना जावे आणि वाड्यात काही पेय विकत घेऊनच बसावे.

रात्रीचे याओवारात पाहण्याची इच्छा राहिलीच, तर सातच्या सुमारास मेट्रोने वात मंगकोनला उतरून दिव्यांच्या पाट्या पाहाव्यात, एखादा रस घ्यावा आणि अर्ध्या तासात परत फिरावे. ज्येष्ठांना त्या गर्दीत उभे राहायला जागा नसते, आणि रात्री तिथून टॅक्सी मिळवणे फार कठीण जाते. परतीलाही मेट्रोच धरावी.